थकल्या पायांची वारी

या अंकी निरूपणास घेतलेला प्रश्न वरवर लहान दिसेल. पण ज्याच्या वाट्यास तो येतो त्यास तो लहान नसतो. ज्याने ऐन तारुण्यात तुळशीची माळ गळ्यात घातली, चाळीस-पन्नास वर्षे आषाढी चुकविली नाही, त्याचे गुडघे आता धरले, डोळ्यांस संध्याकाळी दिसेनासे झाले, दम लागू लागला. आळंदीहून पंढरी सुमारे २५० किलोमीटर. ती वाट आता त्याच्याने चालवत नाही. तर त्याचा नेम मोडला का? माळ गळ्यात ठेवायची, की देवापुढे उतरवून ठेवायची?

हसू नका. माळ उतरवून ठेवण्याची गोष्ट करणारे म्हातारे दर वर्षी कीर्तन संपल्यावर भेटतात. एक आजीबाई पायांवर डोके ठेवून म्हणाल्या, "महाराज, पुढल्या साली मी नाही यायची. पोरांना माझं ओझं होतं." त्या बाईला चालण्याचे दुःख नव्हते, ओझे होण्याचे होते. म्हणून म्हणतो, हा प्रश्न नुसत्या गुडघ्यांचा नव्हे.

प्रथम कथा घेऊ. पुंडलिकाची कथा आपण विटेपासून सांगतो; मी आज ती घोड्यापासून सांगतो. परंपरेने आलेली कथा अशी, की आईबाप काशीयात्रेस पायी निघाले होते आणि पुंडलीक व त्याची बायको घोड्यावर बसून त्याच वाटेने चालली होती. म्हातारी माणसे धुळीत, तरणी माणसे खोगिरावर! रात्री मुक्कामाला घोड्याची चाकरीसुद्धा म्हाताऱ्यांनीच करायची. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तो मागे फिरला आणि आईबापांचे पाय चेपीत बसला. देव दारात आला तेव्हा त्याने वीट फेकली आणि "थांब" म्हटले. सज्जनहो, आपल्या संप्रदायाचे दैवत ज्या विटेवर उभे आहे ती वीट म्हाताऱ्या माणसांच्या प्रवासाच्या हालातून निघाली आहे, हे ध्यानात घ्या. अपराध काशीस जाण्यात नव्हता. घोड्यावर कोण बसले आणि पायी कोण चालले, यात होता.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. पूर्वपक्ष असा की, वारी म्हणजे पायी चालणे. चालणे गेले की वारी गेली. उत्तर मीमांसाशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जैमिनींच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात हा विचार आहे. कर्मे दोन प्रकारची: नित्य आणि काम्य. काम्य कर्म म्हणजे फळ मागून केलेले. त्यात सगळी अंगे यथासांग झाली पाहिजेत, नाहीतर फळ नाही. नित्य कर्माचे तसे नाही. ते आयुष्यभर करायचे, म्हणून जेवढे अंग शक्तीत असेल तेवढे करावे. एखादे अंग राहिले म्हणून मुख्य कर्म सोडू नये. आता सांगा, वारकऱ्याची वारी काम्य की नित्य? मुलगा व्हावा, पीक यावे म्हणून केली तर ती वारी नव्हे, नवस झाला. माळ घातली त्या दिवशी आपण काही मागितले नाही. येत राहीन एवढेच म्हटले. म्हणजे ती नित्य. भेट हे मुख्य, चालणे हे अंग. अंग झेपेनासे झाले तर ते गाळावे, भेट गाळू नये. जो म्हातारा "चालवत नाही म्हणून जातच नाही" म्हणतो, तो अंगासाठी अंगीच टाकतो. ही गोष्ट शास्त्राला धरून नाही.

यावर कोणी विद्वान म्हणेल, "महाराज, वाहनात बसून तीर्थास जाणाऱ्याला पुराणात दोष सांगितला आहे." सांगितला आहे, मान्य. मत्स्यपुराणात प्रयागमाहात्म्यात तसे वचन आहे. पण वचन सबंध वाचावे. ऐश्वर्याने, लोभाने किंवा मोहाने जो वाहनात बसून जातो त्याचे तीर्थ निष्फळ, असा त्याचा अर्थ. कारणे तीन दिली आहेत. आता पंचाहत्तरीचा माणूस काठी टेकीत एस.टी.ची पायरी चढतो, त्यात ऐश्वर्य कोणते? लोभ कोणता? मोह कोणता? त्याचे कारण गुडघा. आणि गुडघ्याचा निषेध पुराणात नाही. मात्र हेच वचन उलट बाजूने लागू पडते, ते तरण्यांनी ऐकावे. ज्याचे पाय धड आहेत आणि जो केवळ आळसाने गाडीत बसतो, त्याने म्हाताऱ्यांच्या सवलतीत आपले अंग चोरू नये.

शास्त्र वय मोजते, हेही सांगून ठेवतो. एकादशीचा उपवास आठ वर्षांवरील आणि ऐंशी पुरी न झालेल्या माणसाला सांगितला; ऐंशीनंतर आग्रह नाही. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी महाभारतात मोजल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ, दूध आहे आणि औषधही आहे. मधुमेहाच्या म्हाताऱ्यांनी हे विशेष ऐकावे. पालखी पुण्याहून सासवडला जाते ती मजल ३० किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवेघाट, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशी. त्या दिवशी गोळी चुकवून, निरंकार राहून घाट चढणे ही भक्ती नव्हे. निघण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे, आणि तो सांगेल तसे खावे.

आणि अजून ज्याच्या मनाला गाडीचा संकोच वाटतो त्याने २०२० साल आठवावे. महामारीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही. १ जुलैची आषाढी. तिच्या आदल्या दिवशी संतांच्या पादुका एस.टी.त बसून पंढरीला गेल्या. २०२१ सालीही तसेच झाले. माउलींच्या पादुका गाडीने गेल्या म्हणून त्या वर्षीची वारी खंडित झाली असे कोणी म्हणतो का? नाही म्हणत. मग प्रसंगी संतांच्या पादुकांना जे चालते ते आपल्या आजीला का चालू नये?

याच्याही पुढची गोष्ट. आषाढीच्या दिवसांत पंढरीत देवाचा पलंग काढतात. देव रात्रंदिवस उभा, निद्रा नाही. तेव्हा देवाच्या पाठीशी मऊ लोड देतात आणि रखुमाईच्या पाठीशी तक्क्या. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात. अहो, जो विश्वाला आधार देतो त्याला भक्तांच्या गर्दीत लोडाचा आधार घ्यायला लाज वाटत नाही. आणि आपण हातात काठी घ्यायला लाजतो! काठी म्हणजे तुमचा लोड. ती घ्या.

आता व्यवहाराचे बोलू, कारण नुसत्या सिद्धांताने गाडी सुटत नाही.

पहिली अडचण पैशाची. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील माणसास एस.टी.त अर्धे भाडे आहे; ऑगस्ट २०२२ पासून ७५ पुरी झालेल्यांस भाडेच नाही; मार्च २०२३ पासून बायकांस कोणत्याही वयात अर्धे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, आणि वयाचा दाखला जवळ पाहिजे. आधार कार्ड घरी ट्रंकेत ठेवून येणारे पुष्कळ. ते कमरेच्या पिशवीत ठेवावे. रेल्वेची गोष्ट वेगळी. तिथे पुरुषांस साठीनंतर शेकडा ४० आणि बायकांस अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर शेकडा ५० सूट होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. गरीब म्हाताऱ्याला त्याची झळ लागली हे खरे आहे. तरी तिकिटावर वय खरे लिहावे; जागा असल्यास खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे.

दुसरी अडचण कोणी बोलून दाखवीत नाही, म्हणून मी बोलतो. म्हाताऱ्या बायका वाटेने पाणी पीत नाहीत. का? आडोसा मिळणार नाही म्हणून. सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात, आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. लोक म्हणतात, वय झाले. वय नव्हे हो, शौचालय नव्हते! दिंडीचालकांना हात जोडून विनंती आहे, की मुक्कामाची जागा पाहताना सारवलेली जमीन आणि स्वयंपाकाची सोय पाहता, तशी ही सोय आधी पाहा. म्हाताऱ्यांची अंथरुणे तंबूच्या तोंडाशी घाला, म्हणजे रात्री उठताना दहा जणांना ओलांडावे लागणार नाही. पहाटे त्यांना अर्धा तास आधी उठवा. प्रत्येकाच्या खिशात किंवा पदराला नाव, गाव, दिंडीचा नंबर, घरचा फोन आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

तिसरी अडचण रांगेची. आषाढीला पदस्पर्शाची रांग पार गोपाळपुराकडे जाते. तासन् तास उभे राहावे लागते. ज्याला ते झेपत नाही त्याने मुखदर्शन घ्यावे. तेही झेपले नाही तर नामदेव पायरीशी माथा टेकावा. चोखोबांची समाधी तिथेच समोर आहे. ज्यांना आत येऊ दिले नाही त्यांच्या जवळ उभे राहणे यात उणेपण कसले? आणि गर्दीत तिथपर्यंतही जाववले नाही तर कळस पाहावा. कळसाचे दर्शन म्हणजे देवाचे दर्शन, असे आपले वाडवडील मानत आले. शिवाय वाऱ्या चार आहेत. चैत्री, माघी आषाढीपेक्षा पुष्कळ मोकळ्या. आणि दर महिन्याची शुद्ध एकादशी आहेच. आषाढीचाच हट्ट नको.

चालण्याची ओढ सुटत नसेल तर सबंध वाट न चालता एक मजल चालावी. वाखरीपर्यंत गाडीने यावे आणि शेवटची वाट दिंडीबरोबर, मुलाचा हात धरून, टाळ वाजवीत चालावी.

आणि ज्याला घरचा उंबरठाच ओलांडवत नाही, त्याने? त्याच्यासाठी अरणचे सावतोबा आहेत. परंपरा सांगते की ते मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. देव मळ्यात आला. आजही बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात, आणि अरणला मात्र पांडुरंगाची पालखी येते. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे जाण्याची रीत देवाने स्वतः घालून दिली आहे. मग आपण ती का पाळू नये? दिंडी परत आली, की घरोघरच्या अंथरुणाला खिळलेल्या वारकऱ्यांकडे जावे. बुक्का कपाळी लावावा, प्रसाद द्यावा, दोन अभंग म्हणावे, आणि कोण भेटले, कुठे पाऊस लागला ते सगळे सांगावे. त्या माणसाची वारी त्या खाटेवर पुरी होते.

आता शेवटचे, आणि हे घरातल्या कर्त्या मुलांना. आई "मी नाही यायची" म्हणाली, की "बरं, नको येऊस" म्हणून मोकळे होऊ नका. ती नाही म्हणत नाही. ती तुमचे तोंड बघते. तुमच्या कपाळावर आठी आहे की नाही ते पाहते. त्या आजीबाईंची पोरे वाईट नव्हती. त्यांना वाटले, आई थकली, घरी बसली तर बरे. माया होती, पण विचारणे नव्हते. तेव्हा विचारा: कुठे दुखते, किती चालवेल, कोणत्या वारीला जाऊ, मी बरोबर येऊ का? पुंडलिकाने आईबापांना काशीस नेले नाही, पण त्यांच्यासाठी देवाला थांबवले. तुम्हाला देवाला थांबवायचे नाही, एस.टी.च्या थांब्यावर पिशवी धरून पाच मिनिटे स्वतः थांबायचे आहे. तेवढे करा.

आणि म्हाताऱ्या वारकऱ्यांना सांगणे एवढेच, की माळ उतरवू नका. तुमचे पाय थकले, नेम थकला नाही. तुम्ही ओझे नाही; दिंडीत तुमच्या मागे जे चालतात, त्यांना वाट तुमच्यामुळे माहीत झाली आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्ण हरी.