काजळी, आरसा आणि पिवळा डाग



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

थोडं आधीच्या श्लोकांपासून बघू. अर्जुन विचारतो, माणसाला स्वतःला नको असतं, तरी कुणी ढकलल्यासारखा तो पाप का करतो? भगवंत उत्तर देतात: काम आणि क्रोध. मग या ३८ व्या श्लोकात तीन दाखले येतात. धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा आणि वेष्टनात गुंडाळलेला गर्भ. आपलं ज्ञानही असंच झाकलेलं असतं.

हा श्लोक मला थोडाफार समजला तो भोसरी एमआयडीसीत, गाडीच्या सायलेन्सरच्या टिपा घासताना.

मामांचा तिथे बफिंगचा छोटा गाळा आहे. गुरुवारी गाळ्याला सुट्टी असते, तेव्हा ओळखीच्यांची छोटी कामं मी घेतो. चाकणला कंपनीत लाईनवर असलेला एक दादा वडिलांची जुनी गाडी घेऊन आला. वडील आता नाहीत. रविवारी बहिणीचा साखरपुडा होता. "बाबांची गाडी दारात उभी राहणार, मागून काळी दिसायला नको," एवढंच त्याचं म्हणणं. मागे दोन टिपा, दोन्ही काजळीने काळ्याकुट्ट.

काम तसं सरळ आहे. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. साबणाच्या पाण्याने काजळी आणि तेलकटपणा काढायचा. मग ओला वॉटर पेपर: ४००, ६००, ८००, १०००, शेवटी २०००. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो. मधला एखादा गाळला तर बफ मारल्यावर तेच ओरखडे उठून दिसतात. शेवटी कापडी बफ आणि पॉलिशची वडी. घरी करणार असाल तर साध्या लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि नंतर गंजतात.

डावी टिप आरशासारखी निघाली. ती स्टेनलेस स्टीलची होती. या स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा अगदी पातळ संरक्षक थर आपोआप बनतो, घासून निघाला तरी पुन्हा बनतो. म्हणजे मी तिला चमक दिली नाही. वरचं काढलं, इतकंच.

मग उजवी. तिलाही तोच पेपर, तोच बफ. मिनिटाभरात कडेला पिवळसर डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. ती स्टेनलेस नव्हतीच. कधीतरी बदललेली, क्रोम प्लेटिंगची होती. क्रोमचा असा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असू शकतो. तो मी उडवला होता, खालचं निकेल दिसत होतं. आधी नीट बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

समोर कपाटात चंदेरी स्प्रेचा डबा होता. दोन हात मारले असते तर रविवारपर्यंत कुणाला कळलं नसतं. हात डब्यापर्यंत गेलासुद्धा. खरं सांगतो, त्या क्षणी सकाळी वाचलेली गीता कुठेच नव्हती. होती ती भीती, पैशाचा विचार आणि स्वतःचाच राग. हाच तो धूर.

पण ४१ व्या श्लोकात भगवंत सुरुवात कुठून करायला सांगतात? इंद्रियांपासून. मन शांत होईल तेव्हा होईल, आधी हात थांबव. मी हात मागे घेतला आणि फोन उचलला.

दादा चिडला, चिडणारच. "रविवारी काय करू मग?" मजुरी घेतली नाही, दुसरी टिप माझ्या पैशांनी आणायचं कबूल केलं. ती मिळाली सोमवारी. साखरपुड्याला गाडी पिवळ्या डागासकट उभी होती. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण स्प्रे मारला असता तर एका चुकीवर आणखी एक आवरण चढलं असतं, आणि ते टिपेवर कमी, माझ्यावर जास्त.

आपण साधनेतही हेच करतो ना? स्टेटसला विठ्ठल, कपाळाला गंध, आणि आतला डाग तसाच. भक्ती वरून मारायचा स्प्रे नाही. ती वॉटर पेपर आहे, ती घासते.

अजून एक. गाडी चालली की काजळी परत येणारच. म्हणून निराश व्हायचं नाही. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या माउलींनी याच ठिकाणी कोंड्याचा दाखला दिलाय. दाणा जन्मालाच कोंड्यासकट येतो. आवरण असणं हा आपला गुन्हा नाही. ते रोज काढणं हे मात्र आपलं काम.

आजचा संकल्प: झाकून ठेवलेली एक चूक, ज्याची आहे त्याला आजच सांगायची. फोन करा, मेसेज नको.

राम कृष्ण हरी. उद्या भेटू, श्लोक ३९ सोबत.