नमणारी नळी, न नमणारा गोल

पाठ टेकून बसा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या आणि लक्ष फक्त कानांवर आणा.

विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणायची पैज ज्यांनी लहानपणी मारली असेल, त्यांच्या कानांना एक कळ आठवत असेल. दोन पुरुष खोल गेलं की ती सुरू होते. डोक्यावरच्या पाण्याचा भार कानाच्या पडद्यावर येतो, पडदा आत वाकतो आणि दुखतं. त्या दुखण्यापाशी थोडं थांबा. पडदा वाकला म्हणूनच खोली कळली. तो हाडाचा असता तर दुखलं नसतं, आणि आपण किती खाली आलो हेही समजलं नसतं.

आता तसंच खाली जात राहू. घाई नको. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, एवढं एकच माप मनात धरा. दोनशे मीटरपाशी उजेड ओसरतो. हजारावर मिट्ट काळोख. मग तीन हजार, सहा हजार, नऊ हजार. बाहेर काहीच बदलताना दिसत नाही, फक्त दाब वाढत जातो. पश्चिम प्रशांत महासागरात ग्वाम बेटाजवळच्या मारियाना गर्तेचा तळ येतो तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक टनाहून जास्त भार असतो. आपलं एक नख डोळ्यांसमोर आणा आणि तो भार त्याच्यावर ठेवून पाहा. कल्पना तिथे अडते. अडू द्या.

२३ जानेवारी १९६० रोजी या ठिकाणी दोन माणसं जिवंत पोचली. जाक पिकार हे स्विस संशोधक आणि डॉन वॉल्श हे अमेरिकी नौदलातले लेफ्टनंट. त्यांच्या वाहनाचं नाव ‘त्रिएस्ते’. वर पेट्रोलने भरलेली लांबलचक टाकी, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आणि एवढ्या दाबाखालीही फारसं आकसत नाही. आणि टाकीच्या पोटाखाली टांगलेला पोलादाचा एक गोल. जर्मनीत क्रुप कारखान्यात घडवलेल्या त्या गोलाची भिंत १२.७ सेंटिमीटर जाड होती. आत दोघांना जेमतेम बसता येईल एवढीच जागा.

त्या गोलाभोवती मनाने एक फेरी मारा. हात फिरवलात तर कुठे कोपरा लागणार नाही, सपाट बाजू लागणार नाही. समुद्र सगळीकडून सारखाच दाबतो आणि गोल त्याला सगळीकडून सारखंच उत्तर देतो. धातू कुठेही वाकत नाही की ताणला जात नाही, सर्वत्र फक्त दाबला जातो, आणि दाबलं जाणं पोलादाला चांगलं सोसतं. खिडकीकडेही पाहा. जाड प्लेक्सिग्लासचा शंकूसारखा निमुळता ठोकळा, रुंद तोंड बाहेर, अरुंद आत. समुद्र जितका जोर लावेल तितकी ती खिडकी आपल्या खोबणीत अधिकच घट्ट बसते. शत्रूच्या जोरानेच दार लावून घेण्याची ही युक्ती मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पण न नमणारा गोल आपल्याला काहीच सांगत नाही. आत बसलेल्याला कळायचं कसं की आपण कुठे आहोत?

इथे आपण बराच वेळ थांबणार आहोत, एका लहानशा पितळी नळीपाशी. १८४९ साली पॅरिसमध्ये यूजेन बूर्दोन यांनी दाबमापकाचं पेटंट घेतलं. नळी अर्धवर्तुळाहून थोडी जास्त वळवलेली, आणि तिचं तोंड गोल नसून चपटं. एक टोक बंद, दुसऱ्या टोकातून दाब आत शिरतो. दाब शिरला की चपटी नळी गोल व्हायला बघते, आणि गोल होता होता तिचं वळण किंचित उलगडतं. बंद टोक जरासंच सरकतं. त्या टोकाला एक बारीक दांडी, दांडीला दातेरी चाक, चाकाला काटा. जरासं सरकणं काट्यापाशी येईपर्यंत मोठं होतं. दाब गेला की नळी आपल्या मूळ वळणावर परत येते. वीज नाही, शाई नाही. दवाखान्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरवर जी गोल तबकडी असते, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जी असते, तिच्या काचेमागे बहुधा हीच नळी असते. पुढच्या वेळी काटा हलताना दिसला तर त्याच्यामागचं ते किंचित उलगडणं मनाने पाहा.

नळी नमते म्हणून सांगते. मात्र नमून परत येण्याइतकीच. त्यापलीकडे वाकली तर कायमची वाकडी होईल आणि पुढचं प्रत्येक वाचन चुकेल. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. बाहेरचा दाब त्या काट्यापर्यंत यायचा तर कवचातून एक बारीक वाट त्याला द्यावीच लागते. बाहेरचं जाणून घ्यायचं म्हणून अभेद्य भिंतीला आपणच भोक पाडतो, आणि मग ते भोक सांभाळत बसतो. खोल पाण्यातली वाहनं बांधणाऱ्यांच्या काळजीचा मोठा वाटा अशा भोकांपाशीच असतो: तारांची भोकं, नळ्यांची भोकं, खिडक्यांची.

बरं, काटा सांगतो ते खोली नव्हे. तो फक्त दाब सांगतो. खोली आपण काढतो. त्रिएस्ते तळाला टेकलं तेव्हा आकडा निघाला ११,५२१ मीटर. नंतर खाऱ्या पाण्याची घनता, तापमान, दाबाने पाण्याचं स्वतःचंच आकसणं हे सगळं हिशेबात घेतल्यावर तो १०,९१६ मीटरवर आला. सहाशे मीटर कमी. नळीवर आलेला भार खराच होता. त्याचा अर्थ लावायला आपल्याला वेळ लागला. आपल्या शरीरातही आत्ता कुठेतरी काहीतरी जाणवत असेल, खांद्यात, जबड्यात. त्याला लगेच नाव देऊ नका. नुसतं जाणवू द्या.

उतरताना नऊ हजार मीटरच्या पुढे एक मोठा धक्का बसला आणि सगळं वाहन हादरलं. त्या क्षणी दोघांनी काय केलं? उपकरणं पाहिली. आतला दाब, उतरण्याचा वेग, सगळं ठीक दिसत होतं, म्हणून ते उतरत राहिले. तळाशी गेल्यावर कळलं की आत येण्याच्या बोगद्याच्या खिडकीला तडा गेला आहे. बोगदा पाण्याने भरलेला असल्यामुळे गोलाला धोका नव्हता, पण वर आल्यावर बाहेर पडायची वाट तीच होती. तळाशी ते वीसेक मिनिटं थांबले आणि निघाले.

निघाले कसे, यापाशीही मन न्या. टाकीखालच्या फनेलांमध्ये टनावारी लोखंडी छर्रे भरलेले होते. फनेलच्या तोंडाशी विद्युतचुंबक. वीज चालू असेपर्यंत छर्रे एकमेकांना चिकटून तोंड बंद ठेवत. वीज बंद केली की सुटून खाली पडत आणि वाहन वर निघे. कुणी मुद्दाम बंद केली तरी, आणि आपोआप गेली तरी. म्हणजे खाली राहण्यासाठी वीज लागत होती. वर येण्यासाठी काहीच लागत नव्हतं. रक्षणाची साधनं आपण एरवी अशी करतो की संकटात त्यांनी काहीतरी करून दाखवावं. हे साधन नुसतं सोडून देतं. सगळं बंद पडल्यावर जे घडणार, तेच आधी ठरवून ठेवायचं आणि ते माणसाला वर नेणारं असेल असं पाहायचं, या विचारासमोर मी खरोखर नतमस्तक होतो.

पुढचा टप्पा अवघड आहे, तरी तो टाळू नका. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी चिरडली गेली आणि आतली पाचही माणसं गेली. तिचा मधला भाग कार्बन फायबरचा होता, आणि त्याच्यावर ताण मोजणारे आणि आवाज टिपणारे संवेदक बसवलेले होते. २०२२ च्या जुलैतल्या एका बुडीत वर येताना मोठा आवाज झाला होता, आणि त्यानंतरच्या बुड्यांत ताणाच्या नोंदी पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या. तपासात हे समोर आलं. कवच आतून उकलू लागलं होतं आणि संवेदकांनी ते टिपलंही होतं. नळी नमली, काटा हलला, आणि बुड्या चालूच राहिल्या. मला यात यंत्राचा पराभव दिसत नाही. ऐकण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती घेतली नाही, हे मला फार लागतं, आणि ते सौम्य शब्दांत सांगायची माझी इच्छा नाही.

आता आपल्याकडे या. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना सहा हजार मीटरपर्यंत नेणारं ‘मत्स्य ६०००’ बांधते आहे. आतला व्यास २.१ मीटर, टायटॅनियमची भिंत ८० मिलिमीटर. पुन्हा गोलच. एका बुडीला बारा तास धरलेत. अडचण आली तर शहाण्णव तास आत तग धरता येईल अशी सोय आहे. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपळ्ळी बंदरात, उथळ पाण्यात, त्याच्या चाचण्या झाल्या.

शेवटची काही मिनिटं त्या गोलात बसणाऱ्या तिघांसाठी ठेवा. त्यांच्या प्रत्येक बुडीनंतर कुणीतरी टेबलाशी बसून ताणाच्या नोंदी मागच्या नोंदींवर ठेवून पाहत असेल, त्या माणसालाही मनात आणा. एखादी रेष जागची सरकलेली दिसली, तर पुढची बुडी थांबवायचा अधिकार त्याच्याच हातात असावा, आणि तो वापरल्यावर कुणी त्याला वेळापत्रक दाखवू नये.