दोन नागोराव

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेली वंशावळ काल ओसरीवर बसून सावकाश वाचली. अक्षर किती नेटकं काढलंस, आणि तेही जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर, याचं मला फार कौतुक वाटलं. फक्त नागोरावापाशी माझं बोट अडलं. सखारामाचा बाप नागोराव आणि औंढ्याकडचं शेत विकणारा नागोराव तू एकच धरलास. बाळ, तिथे थोडी घाई झाली.

आपल्या हिंगोलीकडे औंढ्याच्या नागनाथामुळे घरोघर नागोराव आणि नर्सीमुळे घरोघर नामदेव. त्यात आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत (तुझ्या काकाचंही तसंच ठेवलं), म्हणजे नागोराव सखाराम, मग सखाराम नागोराव, की पुन्हा नागोराव सखाराम. बापाचं नावसुद्धा जुळतं आणि माणूस मात्र निराळा निघतो. तुझ्याच कागदांत बघ. वारसाच्या नोंदीत १३२७ फसलीला नागोराव मयत लिहिलाय. फसलीत ५९० मिळव, १९१७-१८ साल येतं. खरेदीखतावरचा अंगठा १३३५ फसलीचा आहे. आठ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा अंगठा तिथे येईल कसा?

अशा वेळी शेजारी कामाला येतात. खरेदीखतातली चतुःसीमा वाच, पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला ओढा की गाडीवाट. त्या शेजाऱ्यांची मुलंबाळं १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकात सापडतील, आणि त्यांच्या बांधाला बांध लावून आपलं कोण ते कळेल. निजामाच्या वेळचे कागद बहुतेक उर्दूत, काही मोडीत. उर्दूत एक नुक्ता पुसला तरी नाव बदलतं, म्हणून जाणत्याकडून शब्द न् शब्द उतरवून घे, अंदाजाने भरू नकोस. शाई फिकी असते. तू लवकर उठतेस ना, मग सकाळचा कोवळा उजेड या कामाला दे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मराठवाड्यात कितीतरी घरांना हेच कोडं सोडवावं लागलं.

आणि आपल्या नर्सीच्या नामदेवांचंच घे. एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी होऊन गेले, दोघेही अभंगात स्वतःला ‘नामा’ म्हणवणारे, म्हणून गाथेत एकाचे अभंग दुसऱ्याच्या नावावर गेले. ते निवडण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या, तरी सगळा गुंता सुटलेला नाही. पण ज्या अभंगात दामाशेट, गोणाई, राजाई अशी घरची माणसं मनापासून बोलतात, तिथे आपले नामदेव कोण हे ओळखायला आधार मिळतो.

तुझ्या वंशावळीत बायकांची नावं नाहीत, एवढीच माझी तक्रार. वारसाच्या नोंदीत सखारामाच्या आईचं नाव आहे, ते आधी लिही. दुसऱ्या नागोरावाच्या बायकोचं नाव सेनगावच्या आत्याआजीला ठाऊक असेल. दिवाळीत आलीस की दोघं मिळून तिच्याकडे जाऊ. तोवर दोन्ही नागोराव दोन पानांवर राहू देत, मध्ये रेघ ओढू नकोस, पेन्सिलीनेसुद्धा नको.

तुझा,
आजोबा