वाणीवरून बुद्धीचा निवाडा

सीमाभागात माणसाची ओळख तोंड उघडताच ठरते. बेळगावच्या बाजारात किंवा निपाणीच्या स्टँडवर पहिले वाक्य मराठीत आले की कन्नडमध्ये, यावर पुढच्या बोलण्याचा सूर अवलंबून असतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला इथला झगडाही भाषेचाच आहे. देवाधर्माचा व्यवहार तर बहुतांशी जिभेवरच चालतो. हरिपाठ, पारायण, नामजप आणि बाळेकुंद्रीत पंतमहाराजांची पदे, सगळीकडे भक्ती म्हणजे उच्चार. अशा मुलखात वाणी म्हणजेच माणूस असे वाटू लागले तर नवल नाही. म्हणून ज्या आजारात वाणी अडखळू लागते, तो इथे नुसता डॉक्टरांचा विषय राहत नाही. बोलणे बिघडले म्हणजे जाणणे बिघडले का, हा जुना तात्त्विक प्रश्न तो घराघरात आणून ठेवतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा असा आजार आहे. त्यात वाणी आणि बुद्धी यांचा संबंध आहे, हे नाकारता येत नाही. पण एकीवरून दुसरीचा निवाडा करावा इतका तो सरळ नाही, असे माझे म्हणणे आहे.

‘एमएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. आवरण झिजले की संदेश रेंगाळतात, कधी वाटेतच थांबतात. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले. डोळ्यांची थरथर, वस्तू घ्यायला जाताना हाताला सुटणारा कंप आणि तुटक बोलणे, या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा. एरवी ‘पांडुरंग’ म्हणताना आवाज एका अक्षरावरून दुसऱ्यावर सहज घरंगळतो; या बोलण्यात पां, डु, रं, ग अशी अक्षरे सारख्याच वजनाने, मध्ये फट ठेवून बाहेर पडतात. ओठ, जीभ आणि श्वास यांचा मेळ घालणाऱ्या लहान मेंदूला इजा झाली की असे होते. शब्द माहीत असतो, अर्थ माहीत असतो, उच्चाराचा ताल मात्र चुकतो. स्मरणशक्ती मंदावते आणि विचाराला वेळ लागतो, हेही शार्को यांनी नोंदवले होते, पण पुढे बराच काळ वैद्यकाचे लक्ष हातापायांवरच राहिले. आज सुमारे ४० ते ६५ टक्के रुग्णांत बुद्धीच्या कामात काही ना काही घट आढळते असे मानतात, आणि पहिला फटका बसतो तो विचाराच्या वेगाला.

हा वेग मोजतात कसा, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट या चाचणीत कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हे आणि त्यांचे नऊ अंक दिलेले असतात. खाली चिन्हांच्या ओळी असतात, आणि ९० सेकंदांत जमतील तितके अंक ओळखायचे असतात. हाताला कंप असेल तर लिहायला अडचण, म्हणून एमएसमध्ये ही चाचणी सहसा तोंडी घेतात. पण जीभच जड झाली असेल तर? अंक मनात उमटला तरी ओठांवर यायला वेळ लागतो आणि घड्याळ थांबत नाही. स्मिथ आणि आर्नेट या संशोधकांनी २००७ मध्ये नेमके हेच दाखवले: तोंडी आणि झटपट उत्तर मागणाऱ्या चाचण्यांत उच्चारदोष असलेले रुग्ण मागे पडतात, आणि त्या मागे पडण्यातला काही भाग जिभेच्या मंदपणाचा असतो. म्हणून जाणकार तपासनीस रुग्णाला ‘प-त-क, प-त-क’ असे भराभर म्हणायला लावून जिभेचा वेग वेगळा पाहतो, किंवा छापील उतारा वाचायला देऊन मग स्वतःच्या शब्दांत काही सांगायला लावतो. वाचताना शब्द आयते मिळतात, सांगताना ते शोधावे लागतात. दोन्हींतल्या थांब्यांची तुलना केली की जीभ कुठे अडते आणि विचार कुठे अडतो, याचा काहीसा अंदाज येतो.

सीमाभागात या मोजणीत आणखी एक गुंता शिरतो. शाळा मराठीत, कचेरीचे कागद कन्नडमध्ये आणि दवाखान्याच्या फायली इंग्रजीत, असे आयुष्य इथे अनेकांच्या वाट्याला येते. एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगा, असे अशा माणसाला त्याच्या तिसऱ्या भाषेत विचारले, तर गुण कमी पडणारच. ती उणीव भाषेची असते, पण अहवालात ती बुद्धीच्या रकान्यात जमा होते.

यावर पहिला आक्षेप खुद्द आपल्याच परंपरेतून येईल. शब्दावाचून जगात कोणतेही ज्ञान होत नाही, असा भर्तृहरीचा ‘वाक्यपदीया’तला सिद्धान्त आहे. तो खरा धरला तर वाणी ढासळली की ज्ञानही ढासळले पाहिजे. पण भर्तृहरीचा शब्द घशातल्या आवाजापाशी संपत नाही. वैखरी, मध्यमा आणि पश्यंती असे वाणीचे स्तर तो मानतो. परा ही चौथी पुढे त्यांना जोडली गेली. कानाला ऐकू येते ती फक्त वैखरी, आणि उच्चारदोष तिचाच असतो. शब्द वेळेवर न सापडणे ही अडचण वैखरीच्या आतली. प्राचीनांना मायलिन ठाऊक होते असा दावा मी करत नाही, तसा दावा करणे म्हणजे परंपरेची थट्टाच. मुद्दा इतकाच की ‘बोलता येत नाही’ या एका वाक्यात निरनिराळ्या अडचणी लपलेल्या असतात, आणि त्या सुट्या करून पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. बुद्धीच मंदावली असेल तर हे सगळे समाधान पोकळ ठरत नाही का? ठरते, जर आपण प्रत्येक रुग्णाला ‘तुमची बुद्धी शाबूत आहे’ असे गोड बोलून मोकळे होणार असू. ज्याला हिशेब लागत नाही, संभाषणाचा धागा धरता येत नाही, त्याची ती अडचण नाकारणे हाही अन्यायच. मनुस्मृतीने मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशू, म्हणजे पुटपुटत केलेला, आणि उपांशूपेक्षा मानस जप श्रेष्ठ मानला आहे, त्यामुळे जिभेने साथ सोडली तरी नामाची वाट बंद होत नाही. पण मानस जपाला अवधान लागते, आणि या आजारात तेही थकते. तिथे नवविधा भक्तीचा क्रम आठवावा: श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. स्वतः म्हणता आले नाही तर दुसऱ्याने म्हणावे आणि आपण ऐकावे, याला परंपरेत कमीपणा नाही. ज्ञानेश्वर तर याहून पुढे जातात. ‘अमृतानुभवा’त वाचाऋणपरिहार आणि शब्दखंडन अशी दोन प्रकरणे आहेत. शब्द आठवण करून देतो, हा त्याचा उपकार मान्य करून ते म्हणतात की आत्म्याला कधी विस्मरण झालेच नाही, तेव्हा त्याच्यापाशी शब्दाचे काम उरत नाही. हे कोणत्याही चाचणीने सिद्ध होणार नाही, आणि ज्याची श्रद्धा नाही त्याने ते मानावे असा आग्रहही नाही. पण माणसाची किंमत त्याच्या बोलण्याच्या किंवा विचाराच्या वेगावर ठरत नाही, एवढे मान्य करायला अद्वैती असण्याची गरज नाही.

कायद्याने हे मान्य केलेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, आणि मालमत्तेचे व पैशाचे व्यवहार करण्याची दिव्यांगांची कायदेशीर पात्रता इतरांइतकीच आहे असेही तो म्हणतो. आता उरते ते ऐकणाऱ्यांचे काम. डॉक्टरांनी चाचणी रुग्णाच्या भाषेत घ्यावी आणि जिभेचा वेग वेगळा मोजावा. घरच्यांनी त्याचे वाक्य मध्येच पुरे करू नये. पारायणाला बसणाऱ्यांनी त्याच्यासाठी ओवी थोडी सावकाश म्हणावी. बँकेत, कचेरीत त्याच्या वतीने कोणी उत्तर देऊ लागले, तर समोरच्याने प्रश्न पुन्हा त्यालाच विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.