ओलाव्याकडे परतणारे मूळ



पवित्र कुरआनच्या सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने उत्तम वचनाला उत्तम वृक्षाची उपमा दिली आहे. त्याचे मूळ जमिनीत घट्ट रोवलेले असून शाखा आकाशाला भिडल्या आहेत. आपली दृष्टी शाखांवर आणि फळांवर खिळते. मुळाचे कार्य मात्र मातीखाली अबोलपणे चालू असते. आज त्या मुळाविषयी थोडे चिंतन करू या.

बीज रुजताच मूळ खाली वळते. त्याच्या टोकावरील टोपीसारख्या आवरणातील पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते तळाशी बसतात आणि मुळाला खालची दिशा कळते. परंतु एका बाजूची माती अधिक ओलसर असेल, तर मूळ तिकडे वळते. यालाच जलानुवर्तन म्हणतात.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी 1872 साली याविषयी एक साधा प्रयोग मांडला. चाळणीसारख्या तळाच्या पात्रात लाकडाचा ओला भुसा भरून त्यात बिया पेरल्या आणि ते पात्र तिरपे टांगून ठेवले. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने मुळे छिद्रांतून बाहेर आली. बाहेर कोरडी हवा होती. तेव्हा ती खाली लोंबत राहिली नाहीत. वळून पुन्हा ओल्या तळाला बिलगली.

वाचकहो, ‘तौबा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘परतणे’ हाच आहे! उपजीविका, शिक्षण, संसार यांची ओढ माणसाला खाली खेचते. ही ओढ स्वतः पाप नव्हे. पण तिच्या भरात तो अल्लाहच्या स्मरणाबाहेर पडतो आणि अंतःकरण कोरडे पडू लागते. तो कोरडेपणा जाणवणे, हीसुद्धा अल्लाहची कृपाच आहे. ज्याला तहान कळते, तोच वळतो.

मग काही माणसे का वळत नाहीत? चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच प्रकारचे प्रयोग नोंदवले आहेत. डार्विन यांच्या इतर मतांचा येथे प्रश्न नाही. त्यांनी मुळांच्या टोकांना तेलात कालवलेली काजळी फासली. ओलावा शेजारीच होता, तरी त्यांतील बहुतेक मुळे त्याकडे वळली नाहीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीनुसार, माणूस पाप करतो तेव्हा त्याच्या हृदयावर एक काळा ठिपका उमटतो, तौबा केली की तो पुसला जातो, पाप करीतच राहिला तर काळिमा पसरत जातो. पाणी दूर गेलेले नसते. टोकावर काजळी चढलेली असते.

आता यातील आपल्या घरांसाठीचा बोध. मुळाला दूरच्या विहिरीचा सुगावा लागत नाही. त्याला कळतो तो जवळच्या मातीतील ओलाव्याचा फरक. साक्स यांची मुळे परतली, कारण परतण्याजोगा ओला तळ जवळच होता. भुसा वाळून गेला असता, तर ती कोठे वळली असती?

माता-पित्यांनो, तुमचा तरुण मुलगा नमाजपासून दुरावला असेल, वाईट संगतीत गेला असेल, तर त्याच्या चुकीला चूक अवश्य म्हणा; पण घराचा ओलावा आटू देऊ नका. जेवणाच्या ताटावर रोज टोमणे, नातेवाइकांसमोर अपमान आणि शेवटी बंद केलेले दार, यांनी तो दीनकडे येत नाही. आणखी कोरड्या हवेत जातो. अल्लाह स्वतःवर अत्याचार करून घेणाऱ्या दासांनाही सांगतो की, माझ्या दयेविषयी निराश होऊ नका. मग आपण कोणत्या अधिकाराने आपल्या लेकरांना निराश करावे?

घरात रोज थोडे कुरआन-पठण असू द्या आणि त्याचा अर्थ मुलांना कळणाऱ्या मराठीत सांगा. थोडे पण नित्य असलेले कर्म अल्लाहला प्रिय आहे. आणि परतणारा दारात उभा राहिला, तर ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे न विचारता त्याला जवळ घ्या.

हे अल्लाह! आमच्या हृदयांवरील काजळी धुऊन टाक, आमच्या घरांत तुझ्या स्मरणाचा ओलावा टिकव आणि दुरावलेल्यांना परतण्याची सद्बुद्धी दे. आमीन.