शाळेत शिजलं पाहिजे

नालासोपारा स्थानकावरून निर्मळमार्गे कळंबच्या किनाऱ्याकडे निघालं, की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चिप्स आणि कुरकुऱ्यांच्या पुड्यांच्या माळा लटकताना दिसतात. लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर त्या टांगलेल्या असतात. किंमत पाच रुपये, नाहीतर दहा. सकाळी शाळेच्या वेळेला या माळांमधून भराभर पुड्या तुटतात, कारण घरून निघताना हातावर ठेवलेली नोट आणि पुडीची किंमत बरोबर जुळलेली असते.

हा सगळा व्यवहार चालतो तो परिसर खाण्यापिण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या संपन्न भागांपैकी एक आहे. वसईच्या वाड्यांतली केळी आणि भाजी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जाते. आगाशीकडच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी दिवाळीनंतर निर्मळच्या जत्रेत लोक आवडीने विकत घेतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वलांडींवर बोंबील वाळत असतात. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, अंड्यात तेरा. पावसाळ्यात आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू बाजारात आणतात. पालघर जिल्ह्यातल्या घोलवडच्या चिकूला, वाडा कोलम तांदळाला आणि बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. इतकं पिकवणाऱ्या मुलखातलं पोर मधल्या सुट्टीत बटाट्याचा तळलेला, खारवलेला पापुद्रा खाऊन पाणी पितं, याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

याचं खापर आपण सहसा आईवर फोडतो, नाहीतर मुलाच्या जिभेवर. पण सकाळच्या सत्रातल्या मुलाचा दिवस पाहा. सात वाजता शाळा भरते. विरार-नालासोपाऱ्यातल्या कितीतरी घरांत त्याआधीच एक माणूस लोकल पकडायला बाहेर पडलेला असतो. कोळीवाड्यातली आई पहाटे मासळीच्या मागे असते, वाडीतली आई भाजीच्या जुड्या बांधत असते. मूल चहा-बिस्किटावर शाळेत येतं आणि साडेनवाला त्याला खरीखुरी, कडकडून भूक लागते. त्या भुकेला तयार असलेली वस्तू म्हणजे ती पुडी. ती शिजवावी लागत नाही, कित्येक महिने खराब होत नाही आणि तिचा कचराही दुकानदाराला उचलावा लागत नाही. शाळेच्या आतलं कॅन्टीनही बहुतेक ठिकाणी याच हिशेबावर चालतं. शाळा जागा भाड्याने देते, जास्त भाडं देईल त्याला ठेका मिळतो, आणि तो ठेकेदार भाडं वसूल करण्यासाठी टिकाऊ आणि झटपट तळता येणारा माल ठेवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याच्याकडे भाडं मागितलं, पोषण मागितलंच नव्हतं.

सरकारने या प्रश्नावर काही केलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, पेस्ट्री असे पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांतून हद्दपार केले आणि त्यांच्या जागी पोळी, भात, डाळ, इडली, नारळपाणी अशी यादी सुचवली. सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने देशभरासाठी नियम केले. जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. १ जुलै २०२१ पासून हे नियम लागू आहेत. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं.

हे नियम योग्य आहेत आणि ते काटेकोरपणे पाळले गेले पाहिजेत. अडीचशे मिलिलिटरच्या शीतपेयात साधारण सव्वीस ग्रॅम साखर असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,७०० कॅलरी लागतात, आणि वरून घातलेल्या साखरेतून यातल्या पाच टक्क्यांपेक्षा कमीच याव्यात, हे उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसाला जेमतेम एकवीस ग्रॅम. एका बाटलीत त्या मुलाचा दिवसभराचा वाटा संपून वर जातो. पण बंदीला एक मर्यादा असते. बंदी पुडी काढून घेते, भूक काढून घेत नाही. साडेनवाची भूक तशीच राहते, आणि तिच्यापुढे ताजं, गरम, परवडणारं काही ठेवलं नसेल तर मूल एकावन्नाव्या मीटरवर जातं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. मुलांच्या खाण्याचा प्रश्न शाळेच्या फाटकावर पहारा बसवून सुटणार नाही. तो सोडवायचा तर शाळेतच अन्न शिजलं पाहिजे, आणि ते शिक्षणाचा भाग म्हणून शिजलं पाहिजे.

आपल्याकडे याची पायवाट आहे. तमिळनाडूत मुख्यमंत्री कामराजांनी शाळकरी मुलांना दुपारचं जेवण द्यायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशपातळीवर योजना आली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांना कोरडा तांदूळच मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. आज पीएम पोषण या नावाने तीच योजना चालते, आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत दुपारी खिचडीचा वास दरवळतो तो तिच्यामुळेच. अनेक मुलांसाठी ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं.

मात्र या जेवणाच्या मागचा पैसा पाहिला की मान खाली जाते. मे २०२५ पासून एका मुलाच्या एका जेवणातली डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठीचा दर पहिली ते पाचवीसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे आहे. तांदूळ वेगळा मिळतो, हे खरं. पण टपरीवरच्या पुडीला दहा रुपये आणि वाढत्या अंगाच्या मुलाच्या डाळ-भाजीला पावणेसात! ते जेवण रांधणाऱ्या बाईला केंद्राच्या हिशेबाने महिन्याला एक हजार रुपये मानधन, तेही वर्षातले दहा महिने. हा आकडा २००९ पासून हललेला नाही. राज्य त्यात आपली भर घालतं, तरीही तो पगार म्हणावा असा होत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आठवड्यातून एक दिवस अंडं देण्याचा निर्णय घेतला. अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय त्यातच होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवून शाळांना लोकसहभागाकडे बोट दाखवण्यात आलं. ज्या गावात लोकांनाच अंडं परवडत नाही, तिथे लोकसहभाग कुठून येणार?

दुसरी त्रुटी अधिक खोल आहे. ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे आणि आठवीला संपते. नववी-दहावीत, शरीर झपाट्याने वाढत असताना आणि मुलींची पाळी सुरू झालेली असताना, ताट काढून घेतलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. विनाअनुदानित इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या वाट्याला तर पहिल्यापासूनच डबा, नाहीतर ठेकेदाराचं कॅन्टीन.

त्यामुळे एकाच जिल्ह्यात अन्नाचे दोन आजार शेजारी शेजारी नांदतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यातलं कुपोषण अजून सरलेलं नाही. त्याच जिल्ह्यातल्या वसई-विरारच्या इमारतींत मुलांचे गाल भरलेले दिसतात आणि रक्तात लोह नसतं. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वयाची २२ टक्के मुलं खुरटलेली आढळली, आणि त्याच सर्वेक्षणात शाळकरी व किशोरवयीन मुलांपैकी दहा टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. उपासमार आणि पुडी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दोन्हीकडे वाढत्या मुलाला धड अन्न मिळत नाही.

शाळा आणि मुलाचं शरीर यांची फारकत करता येत नाही, हे याच जिल्ह्यात फार पूर्वी ओळखलं गेलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवर बालवाडी नेताना मुलांची स्वच्छता, आरोग्य आणि खाणं यांना त्यांनी शिक्षणाबाहेरचं काम मानलं नाही. हा वारसा आपल्या घरातलाच आहे.

जपानने हाच विचार कायद्यात आणला. १९५४ मध्ये तिथे शालेय भोजनाचा कायदा झाला. प्राथमिक शाळांत सर्व मुलं एकच जेवण घेतात, डबा आणि कॅन्टीन असा भेद राहत नाही. मुलं पांढरा अंगरखा घालून एकमेकांना वाढतात, शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गातच जेवतात. स्वयंपाकघर आणि माणसांचा खर्च स्थानिक शासन उचलतं, शिध्याचा खर्च वर्षानुवर्षं मुख्यतः पालकांकडून घेतला जात असे. २००५ नंतर शाळांत पोषणाचे शिक्षकही नेमले गेले.

आपल्याला जपानचा भात नको, ही व्यवस्था हवी. वसईपुरतं बोलायचं तर ती उभी करणं अवघड नाही. फी घेणाऱ्या शाळांनी कॅन्टीनचं भाडं घेणं थांबवावं आणि पालकांकडून शिध्याचा खर्च घेऊन एकच ताट ठेवावं. सरकारी योजना दहावीपर्यंत न्यावी, दर बाजारभावाशी जोडावा आणि रांधणाऱ्या बाईला किमान वेतन द्यावं. तांदूळ वाड्याचा, केळी आणि भाजी इथल्या वाड्यांची, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी नाचणी जव्हारची, आणि ज्या मुलांच्या घरी चालतं त्यांच्यासाठी अंडं. खरेदी बचत गटांमार्फत झाली तर हा पैसा तालुक्यातच फिरेल. सकाळच्या सत्राला मधली सुट्टी हीच जेवणाची वेळ धरावी, म्हणजे साडेनवाच्या भुकेला साडेनवालाच उत्तर मिळेल. शिक्षकांनी मुलांसोबत बसून तेच खावं. शिक्षकाच्या ताटात तीच डाळ असली की ती पातळ होत नाही.

याला पैसा लागेल. बंदीचा कागद फुकट निघतो, म्हणून तो वारंवार निघतो. पण सातवीतल्या मुलीच्या जेवणावर दहा रुपये खर्चून तिच्याकडून प्रमेय आणि व्याकरण पाठ करून घेणाऱ्या राज्याने, तिच्या अंगात रक्त किती आहे, हेही आपल्या प्रगतीपुस्तकात लिहिलं पाहिजे. पालकसभेत आपण गुणांबद्दल विचारतो. या वर्षीच्या पालकसभेत आणखी एक प्रश्न विचारू या: आमची मुलं इथे काय खातात, ते कोण रांधतं, आणि त्यासाठी शाळेने किती पैसे ठेवले आहेत? उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न दर सभेत विचारत राहू या.