शाल, श्रीफळ आणि पीपीओ

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या गावांत गेल्या काही वर्षांत एक नवा सोहळा रुजला आहे. गावचा जवान निवृत्त होऊन परतला की वेशीपासून घरापर्यंत त्याची मिरवणूक निघते. उघडी जीप, हार, गुलाल, हलगी किंवा डीजे, चौकात फ्लेक्स, शाळेतल्या पोरांची दुतर्फा रांग, दारात औक्षण आणि मग देवळासमोरच्या मांडवात सरपंचांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची भाषणे. सतरा-अठरा वर्षे बर्फात आणि वाळवंटात काढलेल्या माणसाला, त्याच्या आईला आणि बायकोला या दोन तासांचे मोल किती वाटत असेल, हे गावाला वेगळे सांगावे लागत नाही.

भाषणांत मात्र एक गोष्ट हमखास राहून जाते. जीपमध्ये उभा असलेला हा ‘निवृत्त’ माणूस चाळिशीच्याही अलीकडे असतो. त्याची मुले अजून शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. त्याच्याबरोबर दहावीला बसलेले आणि पुढे शिक्षक, तलाठी किंवा एसटीत वाहक झालेले सोबती आणखी वीस वर्षे नोकरी करणार असतात.

दरवर्षी साधारण साठ हजार सैनिक सेनादलांतून बाहेर पडतात आणि त्यांतले बहुसंख्य असेच पस्तीस ते चाळिशीच्या घरातले असतात. यात त्यांची इच्छा-अनिच्छा विचारली जात नाही. सैन्य तरुण राहिले पाहिजे हे धोरण आहे आणि लष्करी दृष्टीने ते योग्यही आहे. पण त्या धोरणाची किंमत हवालदार आणि नाईक आपल्या आयुष्याच्या मधल्या वीस वर्षांतून चुकती करतात. पोलीस हवालदाराचे किंवा सफाई कामगाराचे कष्ट कमी का, मग माजी सैनिकांचेच कौतुक कशाला, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शौर्याच्या तराजूत शोधायला गेले तर वाद संपणार नाही. ते या मध्येच तुटलेल्या नोकरीत सापडते. समाजाने माजी सैनिकासाठी काही करायचे असेल, तर ते मिरवणुकीनंतरच्या या वीस वर्षांसाठी करायला हवे. माजी सैनिकांसाठीच्या बहुतेक सार्वजनिक कार्यक्रमांची नजर नेमकी तिथेच पोचत नाही.

सरकारने काहीच केलेले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन आहे. २००३पासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची दवाखान्यांची व्यवस्था आहे, २०१५मध्ये ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ लागू झाले. केंद्राच्या गट ‘क’च्या नोकऱ्यांत दहा टक्के आणि पूर्वीच्या गट ‘ड’मध्ये वीस टक्के जागा राखीव आहेत, मात्र प्रत्यक्ष भरती त्यापेक्षा बरीच कमी होते. दिल्लीतल्या केंद्रीय सैनिक बोर्डापासून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत यंत्रणा उभी आहे. अडचण येते ती हक्क आणि हक्कदार यांच्या मधल्या अंतरात. हे अंतर बहुधा कागदाचे असते.

एका नेहमीच्या प्रकरणावरून ते समजून घेता येते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत. माहेरची सुमन सासरी शोभा होते. नवऱ्याच्या पलटणीत लग्नाची नोंद करणारी ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते तेव्हा तिथल्या कारकुनाने एक नाव लिहिलेले असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे असते, आधार कार्डावर ‘शोभाताई’ आणि बँकेच्या पासबुकावर नुसतेच ‘शोभा’. नवरा हयात आहे तोवर कोणाचे काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज परत येतो, कारण पीपीओवरचे, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावरचे, नाव जुळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामसेवकाचा दाखला, दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचे पुरावे आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आणि पेन्शन मंजूर करणारे कार्यालय थेट प्रयागराजला. पासष्ट वर्षांच्या बाईने जत किंवा माण तालुक्यातल्या वाडीवरून हे सगळे जुळवायचे असते. हीच दुरुस्ती नवरा जिवंत असताना, डिस्चार्ज बुक हातात असताना केली असती तर किती तरी सोपी होती.

आता पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येते. तिथे लॉगिन करायचे, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. निवृत्तीनंतरही शेतात राबलेल्या म्हाताऱ्याच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र ते ओळखत नाही. चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे, पण ती आहे हे त्याला माहीत नसते. अशा वेळी त्याच्या उपयोगी पडतो तो फोन नीट चालवता येणारा, तासभर शांतपणे शेजारी बसणारा कोणीतरी. कॉलेजातल्या पोरांना हे काम एका दुपारी शिकवता येते. त्याचा फोटो मात्र वर्तमानपत्रात येत नाही.

महाराष्ट्रातल्या लोकांचे हात आखडते आहेत असेही नाही. १९६२च्या चीन युद्धात बायकांनी अंगावरचे सोने काढून संरक्षण निधीला दिले. १९९९मध्ये कारगिलच्या वेळी गावोगावी गल्लीतल्या मंडळांनी डबे फिरवले. पुणे कॅम्पातले दक्षिण कमांडचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १९९८च्या स्वातंत्र्यदिनी खुले झाले. तोफा धडाडतात तेव्हा समाज उदार होतो, यात शंका नाही. मात्र युद्ध नसलेल्या वर्षांतही जवान निवृत्त होतच असतात.

त्या मधल्या काळासाठी म्हणून तर ध्वजदिनाची कल्पना निघाली. ७ डिसेंबर १९४९पासून तो पाळला जातो. नागरिकाने कागदी ध्वज छातीला लावायचा आणि जमेल तेवढे पैसे डब्यात टाकायचे, इतकी ती साधी होती. आज महाराष्ट्रात हा निधी मुख्यतः सरकारी यंत्रणेतून जमतो. प्रत्येक जिल्ह्याला वर्षाचा ‘इष्टांक’ ठरवून दिला जातो, जिल्हाधिकारी तो खात्याखात्यांत वाटून देतात आणि इष्टांक ओलांडणाऱ्या अधिकाऱ्यांना समारंभात गौरवपत्र मिळते. या पैशातून माजी सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे चालतात, शिष्यवृत्त्या आणि अडीअडचणीला मदत दिली जाते; त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या सगळ्यात नागरिक बाजूला पडला. ज्याने पैसे दिले त्याची आणि ज्याच्यासाठी दिले त्याची गाठच पडत नाही.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर अशाच हेतूने कागदी पॉपीची फुले विकायला सुरुवात झाली. १९२२मध्ये लंडनला या फुलांचा कारखाना निघाला तो जायबंदी माजी सैनिकांना रोजगार मिळावा म्हणून. लोक छातीला लावत ते फूल एखाद्या लंगड्या शिपायाने पगार घेऊन बनवलेले असे. देणगी आणि काम तिथे एकाच वस्तूत आले होते.

अमेरिकेतले उदाहरण आणखी बोलके आहे. व्हिएतनामहून परतलेले हजारो सैनिक पुढे बेघर झाले. १९८८मध्ये सॅन डिएगो शहरात त्यांच्यातल्याच काहींनी पुढाकार घेऊन ‘स्टँड डाउन’ नावाचा तीन दिवसांचा मेळावा भरवला. आघाडीवरच्या तुकडीला विश्रांतीसाठी मागे घेतात, त्यासाठीचा हा लष्करी शब्द. मैदानात तंबू ठोकले. अंघोळ, केस कापणे, जेवण, दातांचे आणि इतर डॉक्टर, वकील आणि सरकारी भत्त्यांच्या खिडक्या, सगळे एका आवारात आणले. पुढच्याच वर्षी न्यायालयही तिथे येऊन बसले, कारण रस्त्यावर झोपल्याबद्दल किंवा दंड न भरल्याबद्दल निघालेल्या किरकोळ वॉरंटांमुळे या माणसांना ना घर मिळत होते ना नोकरी. हा नमुना नंतर अमेरिकाभर पसरला. हाही शेवटी कार्यक्रमच, त्यालाही मांडव आणि स्वयंसेवक लागले. पण तिथे माजी सैनिक खुर्चीवर बसून भाषणे ऐकत नव्हता. तो एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जाऊन आपली कामे उरकत होता.

महाराष्ट्रात यातले काही करणे अवघड नाही. १४ जानेवारीला, फील्ड मार्शल करिअप्पा ज्या दिवशी निवृत्त झाले त्या दिवशी, माजी सैनिक दिन असतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावे भरतात. तिथे तक्रारींसाठी टेबलेही मांडली जातात. पण वेळेचा मोठा वाटा पाहुण्यांच्या स्वागतात जातो आणि वाडीवरून पहाटे निघालेल्या पेन्शनरला परतीची एसटी गाठायची असते. तालुक्याच्या कॉलेजातली एनएसएसची तुकडी, बँकेतून निवृत्त झालेले दोन-चार अधिकारी आणि रेकॉर्ड ऑफिसात काम केलेला एखादा सुभेदार मेजर यांनी महिन्यातून एक शनिवार पंचायत समितीच्या सभागृहात बसायचे ठरवले, तर नावाच्या चुका वेळीच दुरुस्त होतील.

मदत कशाला म्हणायचे, याचा उत्तम धडा खडकीत मिळतो. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन आलेल्या हिंदी शिपायांना हातात कसब यावे म्हणून १९१७मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला आले आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावरही ही संस्था जायबंदी जवानांना कमाईचे शिक्षण देते. देणग्यांचा तिला मोठा आधार आहे. जवळच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४पासूनचे. मणक्याला गोळी लागून किंवा दरीत कोसळून कमरेखालची, कधी मानेखालची हालचाल गेलेले सैनिक तिथे राहतात. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात. हे काम वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते. राखीपौर्णिमेला शाळा आणि महिला मंडळांची तिथे रीघ लागते. मनगटे राख्यांनी भरून जातात आणि त्यातला आनंद खोटा नसतो. मात्र तिथला एखादा जवान ब्रश तोंडात धरून चित्रे काढतो, कोणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतो. त्यांना प्रेक्षक लागतात, प्रतिस्पर्धी लागतात, चित्राला योग्य दाम देणारे गिऱ्हाईक लागते. डोळ्यांत पाणी आणून जाणाऱ्या पाहुण्यापेक्षा चित्राची किंमत विचारणारा पाहुणा तिथे अधिक कामाचा.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट आता चित्रपटामुळे घरोघरी पोचली आहे. इस्लामपूरकडचा, ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातला हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवून देता झाला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याहून महत्त्वाचा तपशील सहसा मागे पडतो. परदेशी जायला तिकिटाचे पैसे हवे होते तेव्हा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ते दिले आणि पुढे पुण्यात टेल्कोत पेटकरांना नोकरी मिळाली. एकाने स्पर्धेपर्यंत पोचवले, दुसरीकडे महिन्याचा पगार सुरू झाला. सन्मान उशिरा आला तरी माणूस तोवर उभा राहिला, तो या दोन रुक्ष मदतींच्या जोरावर.

माजी सैनिक हा कायम घेणाराच, या समजालाही महाराष्ट्राचा इतिहास छेद देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोली हे लष्करी पेन्शनरांचे गाव होते. गोपाळबाबा वलंगकर १८८६मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन तिथे स्थायिक झाले. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली, ‘अनार्य दोष परिहारक’ मंडळी उभी केली आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे दाद मागणारे विनंतीपत्र तयार केले. पलटणीत शिकलेले लिहिणे-वाचणे आणि पेन्शनने दिलेले स्वातंत्र्य यांतून एक सामाजिक चळवळ आकाराला आली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. अलीकडचे उदाहरण राळेगणसिद्धीचे. १९७५मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी निवृत्तीच्या पैशातून यादवबाबांचे देऊळ दुरुस्त केले आणि पाणलोटाच्या कामाला सुरुवात केली. त्यांच्या पुढच्या राजकीय आंदोलनांबद्दल कोणाचे काहीही मत असो, गाव त्या कामाने पालटले. आज पश्चिम महाराष्ट्रात पहाटे मैदानावर पोरांना पळवणारे भरतीपूर्व प्रशिक्षणाचे वर्गही बहुधा माजी सैनिकच चालवतात. शिस्त, नकाशा वाचणे, यंत्रांची दुरुस्ती, प्रथमोपचार, आपत्तीत माणसे हलवणे ही कौशल्ये घेऊन माणूस गावात येतो आणि शहरात बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. ते काम कमी प्रतीचे म्हणून नव्हे, दुसरे काही कोणी विचारलेच नाही म्हणून.

हा प्रश्न लवकरच वेगळ्या वयाच्या मुलांच्या रूपाने समोर येणार आहे. अग्निपथ योजना जून २०२२मध्ये जाहीर झाली आणि पहिल्या अग्निवीरांचे प्रशिक्षण त्या वर्षाच्या अखेरीपासून सुरू झाले. चार वर्षांनी त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम केले जाईल. उरलेले विशीतले तरुण सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन परततील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीनचे कार्ड नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. निमलष्करी दलांत आणि काही राज्यांच्या पोलिसांत त्यांच्यासाठी जागा राखल्या आहेत, पण सगळे तिथे सामावणार नाहीत. हा निधी घर बांधण्यात किंवा बहिणीच्या लग्नात वर्षभरात संपेल की त्यातून आयटीआय, पदवी किंवा धंदा उभा राहील, हे घरच्या चर्चेत पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ठरून जाईल. त्या चर्चेत हिशेब समजावणारा बँकेचा माणूस, अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला वाट मोकळी करणारा प्राचार्य आणि ‘सोमवारपासून ये’ म्हणणारा एमआयडीसीतला कारखानदार हजर असेल का, याची विचारपूस गावातल्या मंडळांना मुलगा घरी येण्याआधीच सुरू करावी लागेल.